शर्यत अर्ध्या मिनिटाची, आयुष्य बारा वर्षांचं

न्यूझीलंडमध्ये ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती बंद होणार, असं तिथले रेसिंगमंत्री विन्स्टन पीटर्स यांनी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं आणि धंद्याला गाशा गुंडाळायला वीस महिन्यांची मुदत दिली. पीटर्स काही प्राणिहक्क चळवळीतून आलेले नाहीत. घोड्यांच्या शर्यतींचे ते जुने चाहते, रेसिंगच्या धंद्याची बाजू वर्षानुवर्षं मांडत आलेले. अशा माणसानं हा निर्णय घ्यावा, यातच त्याचं वजन कळतं. पुढच्याच फेब्रुवारीत वेल्सच्या सरकारनं बंदीची घोषणा केली, ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियानं २०२९ ची मुदत ठरवली. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्येच कौल दिला होता. तिथे प्रत्येक शंभरातले जवळजवळ एकोणसत्तर मतदार शर्यती थांबवण्याच्या बाजूने उभे राहिले. एकेकाळी डझनभर राज्यांत पसरलेला हा खेळ अमेरिकेत आता एकट्या वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन ट्रॅकवर तग धरून आहे.

हे सगळं भावनेच्या भरात चाललंय, अशी या धंद्यातल्या माणसांची तक्रार असते. त्यांच्या मते चार वाईट प्रशिक्षकांची शिक्षा सगळ्यांना भोगावी लागते आहे. मी ही तक्रार मनापासून ऐकली आहे, कारण तिच्यात तथ्याचा अंश आहे. तरीही या शर्यतींचा इतिहास नीट वाचला की दिसतं ते वेगळंच. हा खेळ जन्मापासून सट्ट्याच्या कायद्यांनी घडवला, सट्ट्याच्या वेळापत्रकानं वाढवला, आणि त्या वेळापत्रकाला जितके कुत्रे लागतात तितके कुणालाही सांभाळता येत नाहीत. माणसं बदलून हे सुटणार नाही. म्हणून पैशाच्या सट्ट्यावर चालणाऱ्या ग्रेहाउंड शर्यती कायद्यानं, तारीख ठरवून आणि मागे उरणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची सोय लावून बंद कराव्यात, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात मात्र सट्ट्यापासून झाली नव्हती. सशामागे वेगवान कुत्रे सोडून त्यांची चढाओढ पाहणं हा फार जुना नाद आहे. दुसऱ्या शतकातल्या एरियन या ग्रीक लेखकानं त्यावर सविस्तर लिहिलंय. खरा शौकीन ससा मारण्यासाठी कुत्रे सोडत नाही, दोन जिवांची धाव पाहायला सोडतो, आणि ससा निसटला तर त्याला आनंदच होतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. इंग्लंडमध्ये हा जमीनदारांचा हिवाळी शौक झाला. १७७६ मध्ये स्वाफम इथे त्याची पहिली संस्था निघाली, आणि १८३६ पासून लिव्हरपूलजवळ ऑल्टकार इथे वॉटर्लू कप ही मोठी स्पर्धा भरू लागली. आयर्लंडच्या मास्टर मॅग्राथ या कुत्र्यानं ती १८६८, १८६९ आणि १८७१ अशी तीनदा जिंकली, आणि राणी व्हिक्टोरियानं त्याला मुद्दाम बोलावून पाहिलं. या स्पर्धेत गुण मिळत ते सशाला वळायला लावण्याच्या कौशल्याचे, मारण्याचे नव्हेत. ससे मरत होतेच. पण मोकळी शेतं, थंडीचा मोसम आणि मोजके कुत्रे एवढ्यातच हा सगळा प्रकार बसत होता.

जिवंत सशाच्या जागी खोटा ससा आणायचा पहिला प्रयत्न १८७६ मध्ये लंडनजवळ हेंडन इथे झाला. चारशे यार्डांची सरळ पट्टी आखली आणि रहाटानं ओढला जाणारा नकली ससा पुढे ठेवला. सरळ रेषेत जो मुळात वेगवान तोच दर वेळी पुढे जाई, त्यामुळे पाहणाऱ्यांचा रस ओसरला आणि प्रयोग बारगळला. पट्टीला वळण दिलं ते अमेरिकेत. ओवेन पॅट्रिक स्मिथ या माणसानं रुळावरून विजेवर धावणारा ससा तयार केला आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे लंबगोल ट्रॅक सुरू केला. शर्यतींत ससे मारले जातात हे त्याला खटकत होतं, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. ते खरं मानलं तर सशाचा जीव वाचवायला निघालेल्या यंत्रानं पुढे लाखो कुत्र्यांचं आयुष्य ठरवलं. वळण आलं तशी अनिश्चितता आली. वळणावर कुत्रे एकमेकांवर आदळतात, मागचा पुढे येतो, पुढचा पडतो. सट्ट्याला हवी असते ती हीच अनिश्चितता.

इंग्लंडमध्ये ही कल्पना चार्ल्स मन नावाच्या अमेरिकन माणसानं नेली आणि ब्रिगेडियर जनरल क्रिचली यांनी ती उभी केली. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर पहिली शर्यत झाली. ४४० यार्डांची ती शर्यत मिस्टली या कुत्र्यानं जिंकली. प्रेक्षक होते सतराशेच्या आसपास. काही आठवड्यांत तो आकडा कित्येक पट झाला, पुढच्या वर्षी लंडनचं व्हाइट सिटी स्टेडियम कुत्र्यांच्या शर्यतींसाठी उघडलं, बेलफास्ट आणि डब्लिनमध्येही ट्रॅक निघाले.

एवढी गर्दी का उसळली, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १९०६ च्या कायद्यानं रस्त्यावर रोख सट्टा घेणं गुन्हा ठरवलं होतं. रेसकोर्सच्या आत मात्र सट्टा चालत होता, आणि ज्याची बाजारात पत होती त्याला बुकीकडे उधारीवर, घरबसल्या फोनवरून पैसे लावता येत होते. म्हणजे श्रीमंताला वाट मोकळी होती आणि गिरणी कामगाराला पोलीस. घोड्यांच्या शर्यती शहराबाहेर आणि भर दुपारी, कामगार त्या वेळी यंत्रापाशी उभा. कुत्र्यांचा ट्रॅक शहरात आला, तोही संध्याकाळी, विजेच्या दिव्यांखाली, हातातल्या चार नाण्यांत परवडेल अशा तिकिटात. बायकाही येऊ लागल्या. १९२६ हे इंग्लंडमधल्या सार्वत्रिक संपाचं वर्ष होतं. त्या वर्षी हरलेल्या, थकलेल्या माणसांना हक्कानं जाऊन बसायला मिळालेली ही जागा होती. तिचा तिरस्कार करणाऱ्यांत चर्चची मंडळी होती, वृत्तपत्रं होती, विन्स्टन चर्चिलसुद्धा होते. त्यांना कुत्र्यांची काळजी नव्हती. कामगारानं जुगार खेळू नये, एवढंच त्यांचं दुखणं होतं.

हा दुजाभाव पुढेही टिकला. १९३४ च्या कायद्यानं कुत्र्यांच्या ट्रॅकवर टोटचा, म्हणजे सगळ्यांनी लावलेला पैसा एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याचा सट्टा अधिकृत केला, पण सट्ट्याचे दिवस वर्षाला १०४ वर बांधले. युद्धानंतर १९४६ मध्ये या शर्यती टिपेला पोचल्या, वर्षभरातल्या प्रेक्षकांचे अंदाज कोटींमध्ये केले गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी कुत्र्यांच्या टोटवर दहा टक्के कर बसवला आणि घोड्यांचा टोट मोकळा सोडला. ते सरकार मजूर पक्षाचं होतं, हे विशेष. आज ग्रेहाउंड शर्यतींना विरोध करणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा इतिहास विसरता कामा नये. आमचा विरोध त्या जुन्या तुच्छतेतून आलेला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर आहे.

त्या सुवर्णकाळाचा नायक होता मिक द मिलर. आयर्लंडच्या ऑफली परगण्यात एका धर्मगुरूच्या घरी वाढलेला हा कुत्रा. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी जिंकली, सलग एकोणीस शर्यती जिंकल्याचा विक्रम केला. वळणावर कुठे शिरायचं आणि कुठे मागे राहायचं हे त्याला कळतं, असं लोक म्हणत. १९३९ मध्ये तो गेला. त्याचं पेंढा भरलेलं शरीर ट्रिंगच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. ज्याचं नाव देशभर घेतलं गेलं, ज्याच्या म्हातारपणाची नीट सोय झाली, असा तो एक. त्याच्या बरोबरीनं धावलेल्या बाकीच्यांचं काय झालं, याची नोंद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

मग कायदा पुन्हा बदलला आणि खेळाचा आत्माच बदलला. १९६० च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये सट्ट्याच्या दुकानांना परवानगी मिळाली, मे १९६१ पासून ती गल्लोगल्ली उघडली. आता पैसे लावायला ट्रॅकवर जायची गरज उरली नाही, गर्दी ओसरू लागली. घोड्यांच्या शर्यतींच्या मधल्या वेळात, किंवा बर्फामुळे त्या रद्द झाल्या तर, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला काहीतरी दाखवायला हवं होतं. १९६७ मध्ये बुकींनी स्वतःच एक व्यवस्था उभी केली आणि काही ट्रॅकना दुपारच्या शर्यती घेण्यासाठी पैसे देऊ केले. माझ्या लेखी ग्रेहाउंड शर्यतींच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हे आहे. आतापर्यंत माणसं येत होती म्हणून शर्यत होत होती. यापुढे स्टँड रिकामं असलं तरी शर्यत होणार होती, कारण तिचं गिऱ्हाईक शेकडो मैलांवरच्या दुकानात बसलेलं होतं. आज ते गिऱ्हाईक मोबाइलवर आहे, दुसऱ्या खंडातही असेल. शर्यत सकाळी अकराला व्हावी की रात्री नऊला, दोन शर्यतींत किती मिनिटांचं अंतर असावं, हे कुत्र्याच्या सोयीनं ठरत नाही. पडद्यावर रिकामी जागा राहू नये म्हणून ठरतं.

त्या वेळापत्रकाचा हिशेब मांडून पाहा. ब्रिटनमध्ये एका शर्यतीत सहा कुत्रे धावतात. लाल, निळा, पांढरा, काळा, नारिंगी आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, असे त्यांच्या अंगावरच्या जाकिटांचे ठरलेले रंग. ४८० मीटरचं नेहमीचं अंतर चांगला कुत्रा अर्ध्या मिनिटाच्या आत कापतो. एका बैठकीत बारा शर्यती धरल्या तर बहात्तर कुत्रे झाले. आज धावलेला कुत्रा उद्या धावू शकत नाही, त्याला निदान काही दिवसांची विश्रांती लागते. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पडद्यासाठी दुसरे बहात्तर लागतात. हे रोज, अनेक ट्रॅकवर, वर्षभर. ग्रेहाउंड साधारण दीड वर्षाचा असताना धावायला लागतो आणि चौथ्या वर्षाच्या आसपास, किंवा त्याआधीच, ट्रॅकवरून उतरतो. नीट सांभाळला तर तो बारा वर्षं जगतो. म्हणजे कमाईची वर्षं दोन-अडीच आणि त्यानंतर खाऊ घालायची वर्षं आठ. जे पिल्लू मुळात वेगवानच निघालं नाही, त्याची तर कमाईची वर्षंच नाहीत. पैसा धावण्याच्या वर्षांत असल्यावर उरलेल्या वर्षांचा खर्च कोण उचलणार, या प्रश्नाला या धंद्याजवळ शंभर वर्षांत उत्तर सापडलेलं नाही.

उत्तर म्हणून जे घडत आलं ते भयंकर आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात मायकेल मॅकह्यू या निवृत्त न्यायमूर्तींच्या आयोगानं २०१६ मध्ये अहवाल दिला. बारा वर्षांत त्या एका राज्यात ९७,७८३ ग्रेहाउंड जन्माला घातले गेले होते. त्यातले निम्मे ते सत्तर टक्के शर्यतीच्या कामाचे नाहीत म्हणून मारले गेले असावेत, असा आयोगाचा अंदाज होता. म्हणजे ४८,८९१ ते ६८,४४८ कुत्रे. आयोग नेमला गेला होता तो दुसऱ्याच कारणानं. २०१५ मध्ये टीव्हीवर प्रशिक्षकांचं गुप्त चित्रण दाखवलं गेलं, त्यात जिवंत ससे, डुकराची पिल्लं आणि पॉसम हे तिथले छोटे प्राणी यंत्राला बांधून त्यांच्यावर कुत्रे सोडले जात होते. चौकशीला बसल्यावर त्या क्रौर्याखाली दडलेला हा मोठा आकडा वर आला. जिवंत प्राणी बांधणारे गुन्हेगार होते, त्यांना शिक्षा करता येत होती. जास्तीची पिल्लं मारणं हा मात्र धंद्याचा रोजचा व्यवहार होता.

इंग्लंडमधली सीहमची घटना याहून बोलकी आहे. डरम परगण्यातल्या या गावी एक माणूस पंधराएक वर्षं प्रशिक्षकांकडून दहा पौंड घेऊन निवृत्त ग्रेहाउंड मारत होता आणि आपल्या जमिनीत पुरत होता. सुमारे दहा हजार कुत्रे, असं २००६ मध्ये एका वृत्तपत्रानं उघड केलं. खटला झाला, दोन हजार पौंडांचा दंड झाला. तो दंड कशाचा? परवाना न घेता जमिनीत कचरा पुरल्याचा. मारण्याबद्दल त्याला शिक्षा करता येईल असं कायद्यात काही सापडलं नाही, कारण मालकानं आपणहून दिलेला कुत्रा झटक्यात मारणं हा गुन्हा नव्हता. मला या प्रकरणात त्या एका माणसाइतकेच दोषी वाटतात ते त्याच्या फाटकापर्यंत गाडी घेऊन जाणारे लोक, आणि हजारो कुत्रे यादीतून गेले तरी एक प्रश्नही न विचारणारी व्यवस्था.

आता मरण सोडून धावणाऱ्याकडे पाहू. या शर्यतींचं चित्रण कुठेही सहज पाहायला मिळतं. ते अर्ध्या वेगानं चालवून पहिल्या वळणावर नजर ठेवावी. पिंजऱ्याची दारं उघडतात आणि चार-सहा झेपांत सहाही कुत्रे ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पोचलेले असतात. सगळ्यांना हवी आहे आतल्या कडेची एकच रेषा. बाहेरच्या पिंजऱ्यातला आत घुसतो, आतला वळणाच्या जोरानं बाहेर फेकला जातो, आणि दोघांच्या मध्ये सापडलेल्याचे पुढचे पाय दुमडतात. मागून येणाऱ्याला थांबायला जागा नसते. धावणं नेहमी डाव्या वळणानं, त्यामुळे शरीराचा भार पुन्हा पुन्हा मागच्या उजव्या पायाच्या घोट्यावर येतो. तिथलं मधलं छोटं हाड मोडणं ही ग्रेहाउंडची ठरलेली दुखापत आहे, पशुवैद्यकाच्या पुस्तकात तिच्या पायऱ्यासुद्धा दिलेल्या असतात. अशा हाडावर शस्त्रक्रिया होऊ शकते, कुत्रा पुढे घरात आनंदानं चालू-फिरू शकतो. शर्यत मात्र तो पुन्हा जिंकेल याचा भरवसा नसतो, म्हणून शस्त्रक्रियेचा खर्च करायचा की नाही हा प्रश्न ट्रॅकच्या कडेलाच उभा राहतो.

सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या अभियंत्यांनी या धडकांचा अभ्यास करून सुचवलं होतं की ट्रॅक सरळ करा, कुत्र्यांची संख्या आठावरून सहावर आणा, ससा कुत्र्यांपासून आणखी पुढे ठेवा. शहाणपणाच्या सूचना आहेत. पण सरळ ट्रॅकवर काय होतं ते हेंडननं १८७६ मध्येच दाखवून दिलं होतं, रस वळणातच असतो. सट्टेबाजाला ज्या गोष्टीचे पैसे मिळतात तीच कुत्र्याचा पाय मोडते.

बाजू मांडणाऱ्यांचे मुद्दे टाळायचे नाहीत. ग्रेहाउंडला धावायला आवडतं, हा पहिला. अगदी खरं आहे. मोकळ्या मैदानात सुटलेला ग्रेहाउंड पाहिला की कुणालाही ते पटेल. पण शर्यतीतला कुत्रा आठवड्यात एखादं मिनिट धावतो आणि उरलेला बहुतेक वेळ कोठडीत काढतो. निवृत्तीनंतर असे कुत्रे घरी आणणाऱ्या लोकांचे अनुभव वाचले की कोठडीतलं आयुष्य कळतं. जिना म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसतं, पायरीवर पाय ठेवायला ते थरथरतात. काचेच्या दारावर जाऊन आदळतात. गुळगुळीत फरशीवर एका जागी खिळून उभे राहतात. आणि मग महिनाभरात सोफ्यावर चारी पाय वर करून दिवसातले सोळा तास झोपतात. धावणं हा त्यांच्या स्वभावातला एक तुकडा आहे, तोही थोडा वेळचा. बाकीचा स्वभाव आळशी, प्रेमळ आणि माणसाला बिलगणारा.

दुसरा मुद्दा सुधारणांचा. ब्रिटनच्या ग्रेहाउंड मंडळानं २०१८ पासून दुखापती आणि निवृत्तीचे आकडे जाहीर करायला सुरुवात केली, २०२० पासून प्रत्येक कुत्र्याच्या पुनर्वसनासाठी चारशे पौंड आधीच बाजूला ठेवायची पद्धत आणली. केवळ खर्च नको म्हणून कुत्रा मारण्याचे प्रकार त्यामुळे खूपच घटले आहेत. याचं श्रेय दिलंच पाहिजे. तरीही मंडळाच्याच आकड्यांत २०२४ या एका वर्षात ट्रॅकवर शंभराहून जास्त कुत्रे मेलेले आहेत आणि साडेतीन हजारांहून जास्त दुखापती नोंदल्या आहेत. शिवाय ब्रिटनमध्ये धावणारे बहुसंख्य कुत्रे आयर्लंडमध्ये जन्मतात. तिथे जन्मून ब्रिटनपर्यंत कधी पोचलेच नाहीत, अशांचा हिशेब ब्रिटनच्या वहीत येतच नाही. आयर्लंडच्या सरकारी वाहिनीनं २०१९ मध्ये उघड केलं की वर्षाला सहा हजारांच्या आसपास ग्रेहाउंड पुरेसे वेगवान नाहीत म्हणून मारले जातात. तिथलं सरकार या धंद्याला दरवर्षी जनतेचा पैसा देतं, २०२४ मध्ये ती रक्कम १.९ कोटी युरो होती. ही पिल्लं आपल्या पैशावर जन्मतात, हे कर भरणाऱ्या आयरिश माणसाला माहीतसुद्धा नसेल.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो, तो वर्गाचा. न्यू साउथ वेल्सचे तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, माइक बेर्ड यांनी मॅकह्यू अहवालानंतर जुलै २०१६ मध्ये बंदी जाहीर केली. ऑक्टोबरमध्ये त्यांना ती मागे घ्यावी लागली. गावाकडच्या, कमी शिकलेल्या, दोन-तीन कुत्रे पाळून शनिवारची संध्याकाळ साजरी करणाऱ्या लोकांना वाटलं, सिडनीच्या सुखवस्तू मंडळींनी आपलं जगणं रानटी ठरवलं. घोड्यांच्या शर्यतींना, जिथे श्रीमंत टोपी घालून जातात, कुणी हात लावला नाही. त्यांचा राग मला समजतो. डाल्टननं जे केलं तेच पुन्हा झाल्यासारखं त्यांना वाटलं असणार. यावर माझं उत्तर असं की हीच मोजपट्टी घोड्यांनाही लावा. जन्मलेल्या प्रत्येक शिंगराचा शेवटपर्यंत हिशेब मागा. घोड्यांचा हिशेब कुणी मागत नाही म्हणून कुत्र्यांचाही मागू नये, हे म्हणणं कुत्र्यांवर अन्यायाचं आहे. आणि बंदी आणताना प्रशिक्षकांना भरपाई, दुसरं काम, आपल्याच कुत्र्यांना घरी ठेवायचं असेल तर त्याचा खर्च, हे सरकारनं द्यायलाच हवं. बेर्ड यांची चूक बंदी आणण्यात नव्हती. ज्यांच्या पोटावर पाय येणार होता त्यांच्याशी आधी बसून बोलणं त्यांनी टाळलं, ती चूक होती.

शेवटी काही भले लोक म्हणतात, कायदा कशाला, हा धंदा आपोआपच मरतोय. लंडनच्या श्वान-ट्रॅकांपैकी व्हाइट सिटी १९८४ मध्ये गेलं, वॉल्थमस्टो २००८ मध्ये, विम्बल्डन २०१७ मध्ये, आणि जिथे सगळं सुरू झालं ते बेल व्ह्यूही २०२० मध्ये बंद पडलं. चाळीसच्या दशकात ब्रिटनमध्ये सत्तरच्या वर अधिकृत ट्रॅक होते, आता विसाच्या आसपास उरलेत. पण ट्रॅक कमी झाले म्हणजे शर्यती त्याच प्रमाणात घटल्या असं नाही, उरलेल्यांवर त्या सकाळ-दुपार-रात्र कोंबल्या जातात. आणि आपोआप मरण्याचं काय होतं ते मकावनं दाखवलंय. तिथलं कॅनिड्रोम आशियातलं प्रसिद्ध ठिकाण, ऑस्ट्रेलियातून आणलेले कुत्रे तिथे धावत. त्यांना तिथून जिवंत बाहेर पडायची वाटच नव्हती. सरकारनं जमीन परत मागितली, जुलै २०१८ मध्ये ते बंद झालं, आणि चालवणारी कंपनी निघून गेली तेव्हा कोठड्यांत ५३३ ग्रेहाउंड मागे राहिले होते. अनिमा या स्थानिक प्राणिमित्र संस्थेनं आणि परदेशांतल्या लोकांनी धावपळ करून त्यांना घरं मिळवून दिली, म्हणून ते वाचले. प्रत्येक ठिकाणी अशी माणसं धावून येतील याची खात्री कोण देणार? म्हणून मला न्यूझीलंडची पद्धत बरी वाटते. तारीख आधी ठरवली, पैदास थांबवायला आणि कुत्र्यांना घरं शोधायला मधला वेळ ठेवला.

आपल्याकडे सट्ट्याचा असा अधिकृत ग्रेहाउंड ट्रॅक नाही, याचं मला समाधान आहे. पण पंजाबच्या ग्रामीण खेळांत यंत्रावरच्या सशामागे ग्रेहाउंड धावतात, आणि सांगली-कोल्हापूर भागात जत्रांच्या निमित्तानं श्वानशर्यती भरतात. कारवान आणि पश्मी हे आपल्या मातीतले शिकारी कुत्रे, ते पाळणाऱ्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्यांना माझा विरोध नाही, उलट त्या जातींबद्दलचं प्रेम टिकायला हवं. माझी चिंता वेगळी आहे. परदेशी रक्ताच्या पिल्लाला देशी पिल्लाच्या कितीतरी पट भाव मिळू लागला आणि बक्षिसाच्या रकमेशेजारी बाहेरचा सट्टा उभा राहिला की कुत्र्यांची संख्या हौसेनं ठरत नाही, बाजार ठरवतो. इंग्लंडमध्ये नेमकं तेच झालं.

बैलगाडा शर्यतींच्या बाबतीत आपण मोठा रस्ता चाललो आहोत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, २०१७ मध्ये राज्यानं कायदा बदलला आणि नियम केले, डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो कायदा मान्य केला. त्या निकालाबद्दल कुणाचं काहीही मत असो, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यक, धावपट्टीचं अंतर अशी एक चौकट तरी कागदावर आली. श्वानशर्यती त्या चौकटीत बसत नाहीत, कारण ती बैलांपुरती आहे. बैल शर्यतीतून उतरला तरी त्याला शेतकऱ्याच्या गोठ्यात जागा असते, निदान बाजारात किंमत असते. ज्याचा वेग सरला त्या कुत्र्याला यातलं काहीच नाही. त्यामुळे कुत्र्यांसाठीची चौकट बैलांहून कडक हवी आणि तिची सुरुवात पिल्लाच्या जन्मापासून व्हायला हवी. शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप असावी, तो मेला किंवा विकला गेला तर मालकानं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं, आणि मागच्या वर्षी धावलेला कुत्रा आज कुठे आहे हे ज्याला सांगता येत नाही त्याला पुढच्या जत्रेत नाव नोंदवू देऊ नये. पशुसंवर्धन विभागाला हे आजच्या मनुष्यबळात जमण्यासारखं आहे, कारण सध्या अशा कुत्र्यांची संख्या हाताळता येईल इतकी कमी आहे.